ओट्याचा रंग कुणाच्या डोळ्यांनी निवडायचा?

सध्या आमच्या घरात एका बेटावरून राजकारण पेटलंय. अंदमान नाही, श्रीलंका नाही. किचनमधलं आयलंड!

झालंय असं की गावाकडचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलंय. गाव म्हणजे पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. (माहीत नसेल तर सांगतो, हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी आमचं गाव प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तिथून मिरचीचे ट्रकच्या ट्रक भरून जातात. तुम्ही आज वडापावबरोबर जी मिरची खाल्लीत ती आमच्याकडची असू शकते, तेव्हा जरा आदरानं वाचा.) तिथे राहतात आई आणि अण्णा. पैसे घालणार मी आणि माझी बहीण. काम करणार छत्रपती संभाजीनगरचा एक ट्रॉलीवाला. आणि रंग निवडणार...

इथेच गाडी अडली.

फॅमिली ग्रुपवर आतापर्यंत किचनचे शंभरएक फोटो पडलेत. पांढरी कपाटं आणि मध्ये गडद निळं आयलंड. फिकट हिरवी कपाटं आणि मध्ये लाकडी आयलंड. राखाडी कपाटं, राखाडी आयलंड, राखाडी फरशी आणि कोपऱ्यात एक कुंडी. बहीण म्हणते पांढरं, बायको म्हणते राखाडी, मेहुणे म्हणतात आग्नेय दिशा आहे तर लाल-केशरी छटा पाहिजे. अण्णांचं म्हणणं, कुठलाही करा पण दिवाळीच्या आत करा. आईनं प्रत्येक फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकलंय. त्याचा अर्थ 'छान आहे' असाही होतो आणि 'आवरा आता' असाही होतो :)

माझं मत मी ग्रुपवर मांडलं, तिथे त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून इथे मांडतो. मत साधं आहे. स्वयंपाकघरातला रंग ही सजावट नाही, ते अवजार आहे. खुरप्याची मूठ ज्याच्या हाताला बसते त्यानं ती निवडायची असते. तसंच ओट्याचा आणि कपाटांचा रंग ज्याचे डोळे आणि ज्याचं फडकं तिथे रोज फिरणार आहे त्यानं निवडायचा. ईएमआय कोण भरतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता हे जरा सविस्तर.

आधी रंग होता कुठे?

आमच्या आजीच्या स्वयंपाकघराला एकच रंग होता, धुराचा. माळवदाचं घर, कोपऱ्यात चूल, चुलीला लागून वैल, मागे भाणवस. वरच्या सऱ्या काजळीनं इतक्या काळ्या की हात लावला तर बोट काळं. खाली मात्र चूल रोज पोतेऱ्यानं पांढऱ्या मातीनं सारवलेली, आणि जमीन शेणानं. लोक याला पावित्र्य म्हणतात, असेलही. पण व्यवहार बघा. अंधाऱ्या खोलीत, धुरात, जिथे विस्तव आहे नेमकी तीच जागा पांढरी केलेली. पाय कुठे पडता कामा नये हे अंधारात दिसावं म्हणून यापेक्षा चांगली सोय कुठली? आजीला कुणी इंटिरियर डिझायनर भेटला नव्हता.

कपाटाला कुठला रंग द्यायचा हा प्रश्नच मुळात गॅसनं आणला. जोवर चूल होती तोवर कुठलाही रंग द्या, दोन महिन्यांत काळाच. आमच्याकडे गॅस नव्वदच्या दशकात आला, पुष्कळ घरांत तर २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर आला. धूर गेला, भिंती दिसायला लागल्या आणि मग 'कुठला रंग?' हा प्रश्न पडला. म्हणजे गावाकडच्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात स्वयंपाकघराचा रंग निवडायची ही पहिलीच वेळ आहे. आणि तीही आपण पुण्यात बसून फोटो फॉरवर्ड करून हिरावून घ्यायची का?

पांढरं किचन आलं कुठून?

मला कुठल्याही डिझाइनचा इतिहास खणायची सवय आहे (जुन्या कोडमध्ये काम करून करून लागते). आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणजे 'फ्रँकफर्ट किचन'. मार्गारेट शुटे-लिहोट्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी ते तयार केलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. तशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर बघून, बाईची पावलं मोजून, घड्याळ लावून केलेलं डिझाइन. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण पिठात किडे होऊ नयेत.

आणि रंग? पांढरा नाही! निळसर हिरवा. का, तर माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. समजूत खरी की खोटी ते सोडा. मला आवडतं ते हे की रंगाला कारण होतं. 'यंदा हाच चालतोय' हे कारण नव्हतं.

पण याच किचनची दुसरी बाजूही आहे. बाईंनीच पुढे सांगितलं की ते डिझाइन करेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. आणि राहायला आलेल्या कुटुंबांची तक्रार काय, तर यात दोन माणसं एका वेळी मावत नाहीत, पोरं डोळ्यांसमोर ठेवता येत नाहीत. पावलं मोजली, पण पावलं टाकणारीला विचारलं किती? आमच्या धंद्यात याला 'युजरला न विचारता केलेला रिलीज' म्हणतात. शंभर वर्षं झाली, बग अजून ओपन आहे.

पांढऱ्या किचनमागेही कधीकाळी कारण होतं. रोगजंतूंचा शोध लागल्यावर युरोप-अमेरिकेत दवाखाने, न्हाणीघरं, स्वयंपाकघरं पांढरी झाली, मळ लगेच दिसावा आणि पुसता यावा म्हणून. कारण चांगलंच आहे. फक्त त्या किचनमध्ये हळद नव्हती.

हळद नावाचा क्लायंट

हळदीचा पिवळा रंग ज्यानं येतो ते कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे फोडणीचा एक थेंब उडाला की हळद तेलाच्या गाडीत बसूनच कपाटावर येते. ओल्या फडक्यानं पुसलं तर तेल पसरतं आणि डागाचं क्षेत्रफळ वाढतं. बरं, भांड्याचा साबण लावावा तर आणखी गंमत. हळद क्षाराच्या संगतीत लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे पांढऱ्याशुभ्र कपाटावर आधी हळद लागणार आणि मग साबण लावला की त्याचं कुंकू होणार. घर सौभाग्यवती, पण ट्रॉलीची वाट!

(उपाय आहे: ऊन. हळदीचा रंग उन्हात उडतो. कापडाचा डाग वाळत घातला की फिका होतो तो त्यामुळेच. पण किचनची कपाटं गच्चीवर वाळत घालता येत नाहीत.)

यात पाण्याचाही हिशोब धरा. आपण पुण्यात नळ सोडून पुसतो. जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरवर दिवस काढलेत. उन्हाळा आला की आमच्या आईच्या डोक्यात आजही बादल्यांचा हिशोब चालू होतो. ज्या रंगाला दिवसातून दोनदा पुसावं लागतं तो रंग तिथे महाग आहे. त्याचा दर ट्रॉलीवाल्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो इतकंच.

आता खरा मुद्दा: डोळे

किचन नवीन का करायचं ठरलं ते सांगितलंच नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आईनं वरणाचं गरम पातेलं ओट्यावर ठेवलं. अर्धं ओट्यावर, अर्धं हवेत. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, पातेल्याचं बूड काळं, खाली जुनी गडद शहाबादी फरशी आणि लाइट गेलेली. काळ्यावर काळं, त्याच्याखाली काळं. वरण तिच्या पायावर सांडलं. पंधरा दिवस ती घरातल्या घरात लंगडत होती आणि फोनवर 'काही नाही रे, जरा पोळलंय' म्हणत होती.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुलीही लहान राहते. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. निळ्या छटा आधी मरतात. गडद निळं आणि काळं एकच दिसायला लागतं, फिके रंग एकमेकांत मिसळतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारालाही मोतीबिंदू होता. १९२३ साली त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्याची तक्रार सुरू झाली की आता सगळं निळसर दिसतं. रंग बदलले नव्हते, गाळणी बदलली होती.

आमच्या आईनं मोनेचं नावही ऐकलेलं नाही. पण ट्रॉलीवाल्यानं दिलेला पांढऱ्या सनमायकाचा तुकडा तिनं एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा झाकून. म्हणाली, "ह्या डोळ्यानं पांढरा हाय. ह्या डोळ्यानं दुधाच्या चहावानी दिसतो. तुम्ही कोनता पांढरा घ्यायलात?"

दोन वाक्यांत तिनं अख्खा फॅमिली ग्रुप गार केला.

आता माझ्या कामातला एक आकडा सांगतो. वेबसाइट वाचता यावी म्हणून जगभर एक नियमावली पाळतात. तिच्या २००८ सालच्या आवृत्तीपासून असं ठरलंय की साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक हवा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १, पैकीच्या पैकी. आपल्या डिझायनर मंडळींचा लाडका मधला राखाडी रंग पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे काठावर नापास! हे टेस्टरनं दाखवलं की आम्ही निमूटपणे रंग बदलतो, कारण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'पैसे भरा' हे बटण दिसलं नाही तर कंपनीचं नुकसान होतं.

मग त्याच म्हाताऱ्या माणसाला ओट्याची कड दिसली नाही तर? पाय पोळतो.

इमारतींसाठीही असं माप आहे. प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो याचा ० ते १०० असा आकडा असतो. चांगल्या शेडकार्डवर तो छापलेला असतो, कधी बघितलाय? पांढरा पंच्याऐंशीच्या पुढे, काळा पाचाच्या आसपास. ब्रिटनमधल्या बांधकामाच्या मार्गदर्शक नियमांत शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांत ३० गुणांचा फरक ठेवा असं सांगितलंय, कमी दिसणाऱ्यांना दार कुठे आणि भिंत कुठे हे कळावं म्हणून. आपल्या एसटी स्टँडच्या पायऱ्यांच्या कडेला मारलेला पिवळा पट्टा म्हणजे हेच. तो बघून कुणी 'किती गावंढळ' म्हणत नाही, कारण तिथे पाय घसरतो हे सगळ्यांना माहीत आहे. घरात मात्र आपल्याला सगळं एकजीव, एकरंगी, 'सीमलेस' पाहिजे. अहो, जिथे गरम तेल आहे तिथे शिवण दिसायलाच हवी!

ट्रॉलीवाल्यानं काढलेलं थ्रीडी चित्र सुरेख होतं. राखाडी फरशी, राखाडी आयलंड, वर राखाडी दगड. आईला मोबाइलवर दाखवलं. तिनं मोबाइल जवळ घेतला, लांब धरला आणि विचारलं, "यात खाली फरशी कुठं सरते अन् ओटा कुठून लागतो ते सांग आधी. मला तर सगळीकडं राखुंडी सांडल्यावानी दिसायलंय."

मी दहा वर्षं युजर टेस्टिंगचे रिपोर्ट वाचतोय. इतका स्वच्छ रिपोर्ट वाचलेला नाही.

"पण दिसायला छान नको का?"

हा बायकोचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. सगळंच सोयीसाठी केलं तर घराचा दवाखाना होतो. आईनं काय म्हातारी झाली म्हणून पिवळ्या पट्ट्यांत राहायचं?

पण फरकाचा नियम रंग ठरवत नाही. तो फक्त सांगतो की दोन शेजारी एकमेकांपासून लांब ठेवा, एक उजळ एक गडद. उजळ म्हणजे मोतिया घ्या, लिंबू घ्या, फिका गुलाबी घ्या. गडद म्हणजे काळा, मरून, बाटलीहिरवा, मोरपंखी, काहीही. सुंदर काय ते तुमचं तुम्ही ठरवा. उलट 'यंदा हाच चालतोय' हा नियम जास्त जाचक आहे. त्यात एकच रंग असतो आणि तो दर पाच वर्षांनी बदलतो. आठवा, चकचकीत मरून आणि वाइन रंगाच्या ट्रॉल्या, त्यावर ते मोठं फूल! मग पांढरं, मग राखाडी. आपल्या किचनचं वय आपल्याच कपाटांवर लिहिलेलं असतं.

आणि परंपरेतून सौंदर्य हवं असेल तर लांब जायची गरज नाही. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. तिथल्या चित्रांतला लाल म्हणजे गेरू, पिवळाही मातीचाच, हिरवा एका खनिज मातीचा, काळा दिव्याच्या काजळीचा. बाहेरून आला तो मुख्यतः निळा, लाजवर्दचा, थेट अफगाणिस्तानाकडून. पंधराशे वर्षांपूर्वी अंधाऱ्या गुहेत पणतीच्या उजेडात बघायची चित्रं काढणाऱ्या माणसांना उजळ आणि गडद यांची किंमत कळत होती. गेरू, हळद, काजळी, चुना हे रंग आमच्या भागात कुणालाही परके वाटत नाहीत. परका वाटतो तो उत्तर युरोपातल्या ढगाळ दुपारचा राखाडी.

दुसरा आक्षेप बहिणीचा: "उद्या घर विकायचं झालं तर?" पिंपळगावातलं घर विकताना गिऱ्हाईक कपाटाचा रंग बघणार नाही, सातबारा आणि बोअरचं पाणी बघणार आहे. आणि मुळात आई तिथे आज भाकरी थापतेय. उद्याच्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी आजच्या माणसानं चाचपडायचं हा कुठला हिशोब?

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही, पण तो सगळ्यात जड आहे. 'आईला काय कळतंय त्यातलं.' ती 'तुम्हाला आवडंल ते करा' म्हणते आणि आपण तो होकार समजतो. तो होकार नाही. पैसे पोरं देतायत मग आपण कशाला बोलावं, असा तो संकोच आहे. तिच्याकडून उत्तर काढायचं असेल तर 'कुठला रंग आवडतो?' असं विचारूच नका. 'यातलं काय दिसत नाही?' असं विचारा. मग बघा किती बोलते.

आयलंडचं काय झालं?

गंमत म्हणजे आयलंड आमच्या पुण्याच्या टू बीएचकेमध्ये बसूच शकत नाही. आठ बाय आठचं किचन, मध्ये बेट ठेवलं तर आम्ही समुद्रात! ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये एका माणसाला काम करायला निदान साडेतीन फूट जागा लागते. गावाकडची खोली मात्र बारा बाय पंधरा आहे. दोन फूट ओटा, साडेतीन फूट वाट, अडीच फुटांचं आयलंड, पलीकडे चार फूट मोकळे. आरामात बसतं. फोटो पुण्याचे फिरतात, जागा पिंपळगावात आहे.

पण ते कशाला हवं? फोटोत आयलंडवर वाइनचे ग्लास असतात आणि भोवती उंच खुर्च्या. आईला उंच खुर्ची नकोय. तिला गुडघ्यांमुळे जमिनीवर बसून भाकरी थापता येत नाही आणि उभ्यानं नेहमीच्या ओट्यावर थापली तर खांदे भरून येतात. भाकरीला वरून जोर लागतो, म्हणून जागा ठेंगणी हवी. म्हणजे तिला हवं होतं तीस इंच उंचीचं काहीतरी, जिथे स्टुलावर बसून काठवट पुढ्यात घेता येईल, मिरच्यांची देठं खुडता येतील आणि समोर शेजारीण बसली तर तिलाही जागा होईल. तिनं त्याला नाव दिलंय 'मधला ओटा'. आता ट्रॉलीवालाही तेच म्हणतो.

रंगांचं जे ठरलं ते असं. जुनी गडद शहाबादी तशीच ठेवायची. गॅसच्या ओट्यावर मोतिया रंगाचा साधा दगड. साधा म्हणजे ठिपक्यांचा नाही. ठिपक्यांच्या ग्रॅनाइटवर मोहरी, मुंगी आणि ठिपका यांत फरक कळत नाही. फिक्या ओट्यावर काळा तवा, काळी कढई आणि ओट्याची कड, तिन्ही नीट दिसतात. साखर-मीठ सांडलेलं दिसणार नाही, ते हाताला लागतं. मधल्या ओट्याचा वरचा दगड उलट काळा, मॅट, म्हणजे ज्वारीचं पीठ आणि सांडलेलं दूध लगेच दिसेल. पण काळा दगड आणि खाली गडद फरशी हे तर त्या संध्याकाळचंच गणित झालं असतं. म्हणून त्याला चारी बाजूंनी तीन इंचांची फिकी पट्टी. कोपरे गोल.

खालची कपाटं आणि मधल्या ओट्याचं अंग? हळदीचा पिवळा. मॅट. हा आईचा निर्णय. कारण विचारलं तर म्हणाली, "डाग पडला तर पडला, कळनार कोनाला?" आणि मग जरा थांबून, "अन् पिवळा मला आवडतो." हे दुसरं कारण तिनं पहिल्यांदाच सांगितलं. हँडल काळी, जाड, हात पूर्ण आत जाईल अशी. वरची कपाटं तिनं रद्दच केली. दाराआडचं दिसत नाही आणि उघडं दार कपाळाला लागतं. तिथे तिची स्टीलची मांडणी राहणार. ताई दोन दिवस फुगून होती. मेहुण्यांना पिवळा म्हणजे केशरीच्या जवळपास वाटला, ते खूश!

तर मंडळी...

तुमच्यापैकी कितीतरी जण या दिवाळीला गावाकडच्या घराचं काही ना काही काम काढणार आहात. किचनचं काढलं असेल तर एवढंच करा. शोरूममध्ये रंग ठरवू नका. तिथले पिवळसर दिवे वेगळे आणि घरातली पांढरी एलईडी ट्यूब वेगळी, एकच तुकडा दोन्हीकडे दोन रंगांचा दिसतो. फूटभराचा तुकडा घरी न्या. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि लाइट गेल्यावर चार्जिंगच्या बल्बमध्ये बघा. त्यावर तेलात हळद कालवून थापा, रात्रभर ठेवा, सकाळी साबणानं पुसा. शेजारशेजारचे रंग एकत्र मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही एकच राखाडी दिसले तर तुमच्या आईला संध्याकाळी तसेच दिसणार आहेत.

आणि हे सगळं स्वतः करू नका. तुकडा तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, विशेषतः कोटेशन आपल्या नावावर असेल तर.

आपण घरी पैसे पाठवतो ते त्यांचं जगणं सोपं व्हावं म्हणून. त्या पैशाबरोबर आपली आवडही मनीऑर्डरनं पाठवायची गरज नाही. आपण तिथे वर्षातून दहा दिवस जेवायला असतो. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस त्या ओट्यासमोर कोण उभं असतं तेवढं लक्षात ठेवलं की रंग आपोआप ठरतो.

असो. ट्रॉलीवाल्याचा मेसेज आलाय, 'सर, हळदी कलर फायनल ना? पुन्हा एकदा विचार करा.' त्याला आईचा नंबर देऊन टाकतो.